डॉक्टर फीलगुड : धक्क्यावरच्या या चौघांची दखल इतकी कमी का घेतली गेली?

प्रश्न : तबकडीप्रेमी (दादर)

सर्व सभासदांना नमस्कार.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी सकाळी चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, जुन्या तबकड्या चाळत असताना एक काळे-पांढरे आवरण हाती लागले. त्यावर चार तरुणांचे छायाचित्र होते आणि त्यांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर आपण वादक असल्याचा आव नव्हता. गोदीतली पाळी संपवून घरी निघालेले चौघे असावेत, असेच मला क्षणभर वाटले. बँडचे नाव ‘डॉक्टर फीलगुड’, तबकडीचे नाव ‘डाउन बाय द जेटी’, म्हणजे ‘धक्क्यापाशी’, आणि साल १९७५. विक्रेत्याने ४५० रुपये सांगितले होते, परंतु दुसऱ्या बाजूवर एक लांब ओरखडा असल्यामुळे ३५० रुपयांना दिली. त्या ओरखड्यापाशी दर फेरीला एक बारीक टक् ऐकू येते, एवढे सोडले तर तबकडी उत्तम स्थितीत आहे. घरी आणल्यापासून मी जवळजवळ रोज तीच ऐकत आहे.

मी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून रॉक संगीत ऐकतो. धोबी तलावाच्या रंगभवनात कार्यक्रम होत असत तेव्हा मी तिथे नेमाने जात असे, आणि काळा घोड्याचे रिदम हाऊस २०१६ साली बंद होईपर्यंत महिन्यातून एक तरी शनिवार तिथल्या कप्प्यांपुढे उभे राहण्यात जात असे. बीटल्स, रोलिंग स्टोन्स, डीप पर्पल, पिंक फ्लॉइड, लेड झेपेलिन ही नावे या शहरात रॉक ऐकणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असतात. एवढ्या वर्षांत ‘डॉक्टर फीलगुड’ या नावाचा बँड असल्याचे मला एकाही जाणकाराने सांगितले नाही. इंटरनेटवर हे नाव शोधले, तर आधी एका अमेरिकन हेवी मेटल बँडचा १९८९चा याच नावाचा अल्बम समोर येतो आणि हे चौघे त्याखाली दबून जातात.

या तबकडीने मला एवढे का धरून ठेवले, हे सांगण्याचा प्रयत्न करतो. १९७५च्या सुमाराचे जे इंग्लिश रॉक आपल्याकडे पोहोचले, त्यात वीस-वीस मिनिटांच्या रचना, सिंथेसायझरचे थर आणि एकावर एक चढवलेले गिटारचे आवाज हेच प्रामुख्याने होते. इथे एक गायक आहे, तोच माऊथ ऑर्गनही वाजवतो. एक गिटार, एक बास आणि ड्रम्स. तबकडी मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येईल अशी, काढलेली आहे. गाणी दोन-तीन मिनिटांत संपतात आणि त्यात एकही सूर पोकळी भरण्यापुरता वाजलेला नाही. तरीही गिटारवादक दोन असावेत असे सतत वाटत राहते, कारण एक जण ठेका धरून आहे आणि दुसरा मधूनमधून सुरांचे फटके मारत आहे असेच कानांना ऐकू येते. आवरणावर मात्र गिटारपुढे विल्को जॉन्सन हे एकच नाव आहे.

माझे प्रश्न असे. एका गिटारीत दोन गिटारी ऐकू येण्यामागे नेमके कोणते कसब आहे? इतका बांधेसूद आवाज असणाऱ्या या बँडची दखल इतिहासात इतकी कमी का घेतली जाते? आणि या तबकडीनंतर पुढे काय ऐकावे?

उत्तर १ : सहा तारा (गोरेगाव)

तबकडीप्रेमी, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास मला विशेष आनंद होत आहे, कारण माझ्या आयुष्यातील निदान दोन पावसाळे याच प्रश्नामागे गेले आहेत.

विल्को जॉन्सन पिक, म्हणजे तारा छेडण्याची छोटी पट्टी, वापरत नसे. टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या तारांवर तो उघड्या बोटांनी आघात करी. मनगट सैल ठेवून उजव्या हाताची बोटे आणि अंगठा तारांवरून खाली-वर इतके सलग फिरत राहत की तो हात ठेक्याचे चाक होऊन जाई. सर्वसाधारण वादक जिथे वाजवायचे असेल तिथेच हात फिरवतो. विल्कोचा उजवा हात मात्र कधी थांबतच नाही, आणि कोणता आघात ऐकू येईल व कोणता येणार नाही हे डावा हात ठरवतो. डाव्या हाताची बोटे तारांवर नुसती टेकवून ठेवली की आघाताचा केवळ ‘चक्’ असा कोरडा आवाज येतो. तीच बोटे क्षणभर दाबली की संपूर्ण कॉर्ड (एकत्र वाजणारे अनेक सूर) उसळून बाहेर पडतो आणि बोटे सैल होताच तिथल्या तिथे छाटला जातो. त्या कोरड्या आवाजांतून ठेका तयार होतो आणि उसळणाऱ्या कॉर्डमधून आपण म्हणता ते फटके. म्हणजे आपल्याला ऐकू येणारे दोन वादक हे वस्तुतः एकाच माणसाचे उजवा आणि डावा हात आहेत.

माझे वडील भजनी मंडळात पखवाज वाजवीत असत. मी सराव करत असताना त्यांनी हीच तबकडी दाराआडून ऐकली आणि आत येऊन एवढेच म्हणाले, ‘‘हा बंद बोलांवर वाजवतोय, खुला बोल फक्त जागेवर टाकतोय.’’ त्यांना रॉक संगीताची काहीही माहिती नव्हती, परंतु गिटारच्या शिकवण्यांमध्ये मला जे एकानेही सांगितले नव्हते ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. त्यानंतर मी उजव्या हाताकडे लक्ष देणे सोडले आणि डाव्या हाताने आवाज बंद करण्याचा सराव सुरू केला. चौथ्या संध्याकाळी उजव्या तर्जनीच्या नखाजवळची कातडी सोलली आणि बोटाला चिकटपट्टी लावून पुढचे दिवस काढावे लागले, पण ठेका पहिल्यांदाच उभा राहिला.

दुसरी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. विल्को मूळचा डावखुरा होता आणि गिटार उजव्या हाताने वाजवायला शिकला होता. त्याचा अधिक सक्षम हात गिटारच्या मानेवर होता, तारा छेडण्यासाठी नव्हता. आवाज छाटण्याचे एवढे बारीक काम त्या हाताला कसे जमले असेल, याचा अंदाज यावरून यावा.

ही पद्धत त्याने शून्यातून निर्माण केली असे नाही आणि त्याने तसा दावाही केला नाही. जॉनी किड अँड द पायरेट्स या बँडमधील मिक ग्रीन हा त्याचा आदर्श होता. त्या बँडमध्येही एकच गिटार असल्यामुळे ग्रीनला ठेका आणि सुरावट दोन्ही सांभाळावे लागत. आपल्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर शेवटाकडे मिक ग्रीनची एक वादनरचना आहे, ती त्या ऋणाची उघड कबुलीच आहे.

आवाजाच्या साधनांविषयीही थोडे लिहितो. त्या काळातील बहुतेक वादक व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारे, अँप्लिफायर वापरत आणि त्यांचा आवाज वाढवला की तो फाटून भरदार होत असे. विल्को एचएच या कंपनीचे ट्रान्झिस्टरवर चालणारे अँप्लिफायर वापरत असे आणि त्यांचा आवाज कोरडा, स्वच्छ, काहीसा काचेच्या कडेसारखा असतो. अशा आवाजात चूक लपत नाही. फाटलेल्या आवाजात एखादा आघात मागे-पुढे झाला तरी गुंजन त्याला झाकून घेते. इथे झाकायला काहीच नाही. या वादकाला साधा म्हणणाऱ्यांनी ही गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा स्वतः वाजवून पाहावीत.

उत्तर २ : माहुल रोड (चेंबूर)

सहा तारा यांनी हातांविषयी सविस्तर लिहिले आहे. मला या बँडच्या गावाविषयी लिहायचे आहे, कारण मला हा बँड आवडू लागला तो गावामुळे.

हे चौघे लंडनचे नव्हेत. थेम्स नदी समुद्राला मिळते तिथल्या खाडीत, एसेक्स परगण्यात, कॅनव्ही नावाचे एक सखल बेट आहे. सतराव्या शतकात डच लोकांनी बांध घालून ती दलदल लागवडीखाली आणली. आपल्याकडे खारभूमी म्हणतात तसाच तो प्रकार. बेटाचा मोठा भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. ३१ जानेवारी १९५३च्या रात्री समुद्राने बांध फोडले, बेटावरची जवळपास ६० माणसे बुडाली आणि हजारो रहिवाशांना घरे सोडून जावे लागले. विल्को जॉन्सन त्या वेळी पाच वर्षांचा होता. पुढे त्याच बेटाच्या काठावर तेलाच्या टाक्या, नळ आणि धक्के उभे राहिले. १९५९ साली समुद्रमार्गे द्रवरूप नैसर्गिक वायू नेण्याचा जो पहिला यशस्वी प्रयोग झाला, त्यातले जहाज अमेरिकेतून निघून या कॅनव्हीलाच लागले होते. बेटाशेजारी तेलशुद्धीकरणाचे मोठे कारखाने होते आणि त्यांच्या चिमण्यांवरच्या ज्योती रात्रंदिवस दिसत असत.

चेंबूर, माहुल, तुर्भे, शिवडी या बाजूला राहणाऱ्या माणसाला हे चित्र वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या गच्चीवरून रिफायनरीची ज्योत दिसते. ढग खाली उतरलेले असले की त्यांच्या पोटाला नारिंगी रंग चढतो. माहुलच्या कोळीवाड्यापासून थोडे पुढे गेले की एका बाजूला चिखल, तिवरे आणि हिवाळ्यात रोहित पक्षी, तर दुसऱ्या बाजूला टाक्यांच्या रांगा आणि पीरपावची जेट्टी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री आमच्या तळमजल्यावर छातीएवढे पाणी होते आणि मी माझ्या कॅसेटींची पेटी डोक्यावर घेऊन जिन्यात उभा होतो. पाणी ओसरल्यावर भिंतीवर जी रेघ राहते, ती पाहिलेला माणूस कॅनव्हीच्या माणसाला परका समजणार नाही.

आता माझा मुद्दा. त्या काळात रॉक अँड रोल वाजवणारे बहुतेक इंग्लिश तरुण मनाने अमेरिकेत राहत असत. गाण्यात महामार्ग अमेरिकेचे, गाड्या अमेरिकेच्या, शहरांची नावेही अमेरिकेची. विल्कोने आपल्या खाडीला, कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ब्लूज संगीताचे माहेर असलेल्या मिसिसिपी डेल्टाच्या धर्तीवर, ‘थेम्स डेल्टा’ म्हणायला सुरुवात केली आणि गाणी मात्र याच खाडीवर लिहिली. आपल्या तबकडीत पहाटेच्या उजेडात जळणारे मनोरे पाहत उभ्या असलेल्या माणसाचे एक गाणे आहे. ते मनोरे म्हणजे त्याच्या घराजवळच्या रिफायनरीच्या चिमण्या आहेत. तबकडीच्या नावातला धक्काही खरा, त्यांच्या बेटाचाच. आपल्या दाराशी असलेल्या काळ्या चिखलाच्या आणि वंगणाचा वास येणाऱ्या जागेला गाण्यात स्थान आहे, हे त्याने इतक्या साधेपणाने गृहीत धरले की ऐकणाऱ्याला त्यातले धाडस पटकन जाणवत नाही. मला ते फार मोठे वाटते. माहुलवर कोणी गाणे लिहील असे मला त्याआधी कधी वाटले नव्हते.

उत्तर ३ : गिरगावकर

वरील दोन्ही उत्तरे मी आदराने वाचली; परंतु ‘दखल घेतली गेली नाही’ हा शब्दप्रयोग या बँडसाठी वापरावा का, याविषयी मला शंका आहे आणि ती मी स्पष्टपणे मांडतो.

या बँडचे नावच मुळात उसने आहे. अटलांटाचे कृष्णवर्णीय पियानोवादक पियानो रेड यांनी १९६२ साली ‘डॉक्टर फीलगुड अँड द इंटर्न्स’ या नावाने ध्वनिमुद्रिका काढली. त्यातील ‘डॉक्टर फीलगुड’ हे गाणे जॉनी किड यांच्या बँडने उचलले आणि तिथून ते नाव कॅनव्हीला पोहोचले. गायक ली ब्रिलो यांच्या घोगऱ्या आवाजामागे अमेरिकेचे ब्लूज गायक हाउलिन वुल्फ स्पष्ट ऐकू येतात. त्यांचा सर्वांत यशस्वी अल्बम ‘स्टुपिडिटी’; त्याचे शीर्षकगीत सॉलोमन बर्क यांचे आहे, त्यातील इतर गाण्यांत बो डिडली, चक बेरी, रूफस थॉमस आणि सनी बॉय विल्यमसन यांचा वाटा आहे. ज्यांची खरोखर उपेक्षा झाली ते हे मूळ कलावंत, ज्यांना आपल्याच गाण्यांचे पैसे मिळवण्यासाठी झगडावे लागले. इंग्लंडमध्ये ज्यांचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, त्यांना उपेक्षित कसे म्हणावे?

मला हा बँड आवडत नाही असे नाही. परंतु कौतुक करताना मूळ उगम नजरेआड होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

उत्तर ४ : निवृत्त परिचारिका (विलेपार्ले)

मी या मंचावर क्वचितच लिहिते, परंतु हा विषय पाहिल्यावर राहवले नाही. मी १९७४ ते १९७८ या काळात इंग्लंडमध्ये, साउथएंड या गावातील एका रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी करत होते. कॅनव्ही तिथून अगदी जवळ आहे. आमच्या वॉर्डातील आया, पोर्टर, रुग्णवाहिकेचे चालक यांच्यापैकी अनेक जण कॅनव्हीचेच होते आणि त्यांच्याकरिता हे चौघे म्हणजे शेजारची मुले होती. ली वकिलाच्या कचेरीत कारकून होता आणि विल्को शाळेत इंग्रजी शिकवत असे, हे मला तिथेच एका पोर्टरने सांगितले होते.

नोव्हेंबर १९७५ मध्ये साउथएंडच्या कुर्साल सभागृहात त्यांचा कार्यक्रम झाला, त्याला मी दोन मैत्रिणींसह गेले होते. ‘स्टुपिडिटी’ या अल्बमचा काही भाग त्याच सभागृहात ध्वनिमुद्रित झाला आहे आणि उरलेला त्याच वर्षी मे महिन्यात शेफील्डमध्ये. मला तेव्हा रॉक संगीतातले काहीही कळत नव्हते. लहानपणापासून घरात नाट्यसंगीत आणि भावगीते यांचेच संस्कार होते. मला आठवतो तो लीचा पांढरा सूट. मुळात पांढरा असावा, पण बाह्या, कोपर आणि खिसे यांच्याजवळ तो इतका मळला होता की रुग्णालयाच्या परीटघराने तो परत पाठवला असता. तो एका जागी घट्ट उभा राहून माऊथ ऑर्गन दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून असा वाजवी, की त्याला ताप चढला आहे की काय अशी मला खरोखर काळजी वाटली. त्याच्या शेजारी काळ्या कपड्यांतला विल्को डोळे विस्फारून, मान ताठ ठेवून, रुळांवरून सरकल्यासारखा सरळ मागे जाई आणि तसाच वेगाने पुढे येई. दोघांनी एकमेकांकडे पाहिल्याचे मला आठवत नाही, आणि तरीही एकाचा श्वास जिथे संपे तिथेच दुसऱ्याचा आघात पडत असे. मागे बासवर जॉन स्पार्क्स आणि ड्रम्सवर ‘बिग फिगर’ या नावाने ओळखले जाणारे जॉन मार्टिन. या दोघांनी त्या रात्री एकदाही ठेका पुढे पळू दिला नाही.

गिरगावकर यांचा मुद्दा मला मान्य आहे. त्यावर एवढेच सांगावेसे वाटते की त्या सभागृहात माझ्या आजूबाजूला जी माणसे होती, त्यांना हे संगीत दुसऱ्या देशातून आलेले वाटतच नव्हते. रात्रपाळी, उधारी, धक्का, नवरा-बायकोची भांडणे हे सगळे त्यांच्याच घरातले होते.

दखल का घेतली गेली नाही, याविषयी माझे मत असे आहे. ‘स्टुपिडिटी’ १९७६ साली इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला आणि लगेच १९७७ च्या वसंतात, ‘स्नीकिंग सस्पिशन’ या पुढच्या अल्बमच्या वेळी, एका गाण्याच्या समावेशावरून वाद होऊन विल्को बाहेर पडला. नेमक्या त्याच वर्षी पंक या आक्रमक, साध्या रॉक संगीताची लाट आली. त्या लाटेतले किती तरी तरुण या बँडचे कार्यक्रम पाहून पुढे आले होते. ‘क्लॅश’ या पंक बँडचा गायक जो स्ट्रमर याने विल्कोला पाहूनच टेलिकास्टर घेतली, ‘द जॅम’ या बँडच्या पॉल वेलर यानेही विल्कोचे ऋण अनेकदा मान्य केले आहे, आणि ‘ब्लाँडी’ या बँडच्या ड्रमवादकाने ‘डाउन बाय द जेटी’ लंडनहून न्यूयॉर्कला नेली व तिथल्या मंडळींनी ती पारायणे केल्यासारखी ऐकली. इंग्लंडमधील पंकची पहिली तबकडी काढणाऱ्या ‘स्टिफ रेकॉर्ड्स’ या कंपनीच्या उभारणीसाठी लीने स्वतःचे ४०० पौंड दिले होते. परंतु वर्तमानपत्रांनी त्या नव्या मुलांची गोष्ट अशी सांगितली की जणू त्यांच्याआधी काहीच नव्हते. ज्या पुलावरून सगळे पलीकडे गेले, त्या पुलाचा उल्लेख गोष्टीत राहिला नाही. अमेरिकेत त्यांचा जम बसला नाही, आणि भारतात जे पोहोचते ते बहुतेक वेळा अमेरिकेवरून येते.

ली ७ एप्रिल १९९४ रोजी कर्करोगाने गेला, तेव्हा तो अवघ्या ४१ वर्षांचा होता. ती बातमी मला साउथएंडच्या जुन्या मैत्रिणीच्या पत्रातून कळली. त्या दिवशी मी ड्यूटीवर होते आणि पत्र गणवेशाच्या खिशात ठेवून काम करत राहिले.

उत्तर ५ : तबकडीप्रेमी (दादर)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. विशेषतः ताई, आपल्या प्रतिसादाने मी थक्क झालो आहे. ज्या कार्यक्रमाची ध्वनिफीत जगभर ऐकली जाते, तिथे प्रत्यक्ष उपस्थित असलेली व्यक्ती पार्ल्यात राहते, ही गोष्ट मी आज घरातल्या सगळ्यांना दोनदा सांगितली.

गिरगावकर, आपला आक्षेप मी गांभीर्याने घेतला आणि त्यानंतर तबकडी पुन्हा ऐकली. उगम विसरू नये हे शंभर टक्के मान्य. मात्र ‘डाउन बाय द जेटी’ वरील बहुसंख्य गाणी विल्कोने स्वतः लिहिलेली आहेत, आणि जॉन ली हुकर यांचे गाणे त्यात आहे तिथे ते हुकर यांच्या नावानेच छापलेले आहे. मला असे वाटते की उसनवारी आणि शिष्यत्व यांत फरक आहे. गुरूची बंदिश गाणारा गायक ती आपल्या गळ्याने गातो आणि गुरूचे नावही सांगतो. विल्कोची गिटार ऐकून मी गेल्या आठवड्यात पहिल्यांदा मिक ग्रीन आणि सनी बॉय विल्यमसन शोधून ऐकले. शिष्याने उगमाकडे जाणारी वाट दाखवली, हेही त्याच्या पदरात घालायला हवे. पहिल्या क्रमांकाविषयी म्हणाल, तर एका देशातील एका अल्बमचे यश आणि इतिहासातील स्थान या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १९९०च्या दशकात दूरदर्शनच्या पडद्यावर स्वीडनच्या ‘रॉक्सेट’ची गाणी पाहून आपण सगळे मोठे झालो; त्या जोडीने आपले नाव फीलगुडच्या एका गाण्यावरून घेतले होते, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत होते? मला या आठवड्यापर्यंत नव्हते.

वाचताना आणखी एक गोष्ट कळली आणि ती इथे नोंदवल्यावाचून राहवत नाही. न्यूकॅसल विद्यापीठात इंग्रजीची पदवी घेतल्यानंतर विल्को खुष्कीच्या मार्गाने भारतात आला होता. तिथून परतल्यावरच १९७१ साली कॅनव्हीत हा बँड उभा राहिला. तो आपल्या देशात नेमका कुठे कुठे हिंडला असेल, याचा विचार करत मी एक संपूर्ण लोकल प्रवास केला आणि माटुंगा रोडला उतरलो.

आता पुढे काय ऐकावे, एवढे कृपया कोणी सांगावे.

उत्तर ६ : सहा तारा (गोरेगाव)

क्रम माझ्या मते असा असावा. आधी ‘स्टुपिडिटी’, कारण हा मुळात व्यासपीठावरचा बँड आहे आणि स्टुडिओत त्यांचा जो ताण थोडा आवरलेला वाटतो तो इथे मोकळा होतो. त्यानंतर १९७५चाच ‘मॅलप्रॅक्टिस’. ‘स्नीकिंग सस्पिशन’ मध्ये चांगली गाणी आहेत, परंतु चौघांमधील दुरावा ऐकू येतो आणि मला तो अल्बम फार वेळा लावता येत नाही.

विल्को गेल्यावर बँड संपला असे अनेक जण लिहितात, ते खरे नाही. त्याच्या जागी आलेला जिपी मेयो अतिशय गुणी वादक होता आणि त्याच्याच काळात, १९७९ साली, ‘मिल्क अँड अल्कोहोल’ हे त्यांचे सर्वांत गाजलेले गाणे इंग्लंडमध्ये नवव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. ते मेयो आणि निक लो यांनी मिळून लिहिले होते. मला स्वतःला मात्र विल्कोच्या काळातला कोरडा आवाज अधिक जवळचा वाटतो.

शेवटी २०१४चा ‘गोइंग बॅक होम’ अवश्य ऐकावा. २०१३च्या जानेवारीत विल्कोने आपल्याला स्वादुपिंडाचा असाध्य कर्करोग झाल्याचे जाहीर केले आणि केमोथेरपी नाकारून निरोपाचे कार्यक्रम सुरू केले. ‘द हू’चे गायक रॉजर डाल्ट्री यांच्याबरोबर हा अल्बम त्याने जेमतेम आठवड्याभरात, आता आपल्या हाती दिवस उरले नाहीत या समजुतीने, ध्वनिमुद्रित केला. एका शल्यचिकित्सकाला तो इतके महिने कसा तग धरून आहे याचे आश्चर्य वाटले, पुन्हा तपासण्या झाल्या, आणि केंब्रिजच्या रुग्णालयात सुमारे तीन किलोची गाठ काढण्यात आली. तो बरा झाला, पुन्हा व्यासपीठावर उभा राहिला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये, वयाच्या ७५व्या वर्षी गेला. त्या अल्बममधली जुनी गाणी ‘डाउन बाय द जेटी’ मधल्या मूळ रूपांशेजारी ठेवून ऐका. चाळीस वर्षांनंतर, पोटात तेवढी गाठ असताना, डावा हात तितक्याच नेमकेपणाने आवाज छाटतो आहे.

आपल्या तबकडीविषयी एक सूचना. ती मोनो असल्यामुळे दोन्ही स्पीकर लांब-लांब ठेवू नका. एक बंद करून दुसऱ्यासमोर हातभर अंतरावर बसा. बासचे बटण मध्यावरून थोडे खाली आणा, म्हणजे तो ‘चक्’ आवाज उठून येईल. आणि ओरखड्यावर कोणतेही रासायनिक द्रव लावू नका. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून पिळलेल्या मऊ सुती फडक्याने खाचांच्या दिशेने, गोलाकार, हलक्या हाताने पुसा. टक् राहील, पण खरखर कमी होईल.

उत्तर ७ : माहुल रोड (चेंबूर)

सहा तारा, ‘स्टुपिडिटी’ची कॅसेट माझ्याकडे आहे, परंतु २००५च्या पाण्यात ती पेटीच्या तळाशी होती आणि तिची पहिली बाजू ओढल्यासारखी वाजते. कुर्सालचा भाग नेमका कोणत्या बाजूवर आहे? दुसऱ्या बाजूवर असेल, तर मी ती पार्ल्याला ताईंकडे घेऊन येऊ इच्छितो. अर्थात त्यांची परवानगी असेल तर, आणि त्यांच्याकडे कॅसेट प्लेअर नसल्यास माझा बरोबर आणीन.

उत्तर ८ : निवृत्त परिचारिका (विलेपार्ले)

अवश्य या. प्लेअर आणा, माझा केव्हाच बिघडला आहे. रविवारी सकाळी दहानंतर मी घरीच असते.